चित्र दिसतं, पण आवाज येत नाही: व्हिडिओला कोडेक जोडायचा कसा?

मैत्रिणींनो, या वेळचा मोबाईलचा पाठ आमच्याच गटात घडलेल्या एका गोष्टीवरून घेतलाय. पाठ थोडा लांब आहे. एका बैठकीत सगळा वाचून होणार नाही, दोन बैठकांत वाचा. आणि वाचताना एक फोन हातात ठेवा.

झालं असं. आमच्या गटात एका ताईंनी ऑपरेशनसाठी कर्ज मागितलं. आजारपणाच्या कर्जाला व्याज किती लावायचं यावरून बैठकीत दोन बाजू पडल्या. काहीजणी म्हणाल्या, "आक्का असताना ठरलं होतं, आजारपणाला व्याज माफ." काहीजणी म्हणाल्या, "असं काही ठरलं नव्हतं, दोन टक्केच." ठरावाची वही काढली. २०१३ सालच्या वार्षिक सभेच्या पानावर एकच ओळ होती: 'आजारपणाच्या कर्जाबाबत चर्चा झाली व सर्वानुमते ठरले.' काय ठरले, ते लिहिलंच नव्हतं! (ती वही तेव्हा मीच लिहीत होते. म्हणजे दोष कोणाचा, ते सांगायला नको.)

आक्का म्हणजे आमच्या गटाच्या पहिल्या अध्यक्ष. त्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण त्या सभेचं शूटिंग झालं होतं. गावातल्या फोटोवाल्याने हँडीकॅमवर केलं होतं आणि त्याने फाइल पेनड्राईव्हवर भरून दिली होती. पेनड्राईव्ह कपाटात, वह्यांखाली सापडला. ओटीजीची पिन लावून फोनला जोडला, एमएक्स प्लेअरमध्ये फाइल लावली. मंडप दिसला, सतरंजी दिसली, हिरव्या लुगड्यातल्या आक्का उभ्या राहिलेल्या दिसल्या. ओठ हलतायत, हात हलतोय, बायका हसतायत. आवाज मात्र नाही.

कर्ज मागणारी ताई आक्कांचीच सून. सासरे बोलले, "एकदा आवाज तरी ऐकू दे गं तिचा." म्हणजे बाकीच्यांसाठी प्रश्न व्याजाचा होता, त्या घरासाठी आणखी काही होता.

आम्हाला वाटलं फोन बिघडला. तालुक्याच्या एका दुकानात दाखवला. त्याने स्पीकर साफ केला, साडेतीनशे रुपये घेतले. घरी येऊन लावलं, तर पुन्हा मुकं. मग भाचीने फोन हातात घेतला आणि स्क्रीनवर क्षणभर येऊन जाणारी ओळ वाचून दाखवली: 'ऑडिओ फॉरमॅट एसी-३ नॉट सपोर्टेड.' फोन पहिल्यापासून सांगत होता काय झालंय ते, वाचलं कोणीच नव्हतं. साडेतीनशे रुपये त्या ओळीचे गेले.

म्हणून पहिली पायरी फुकटची आहे. व्हिडिओला आवाज नसेल तर आधी आपल्याच फोनने काढलेला दुसरा एखादा व्हिडिओ लावून बघा. त्याला आवाज आला तर स्पीकर चांगला आहे. दोष फोनचा नाही, त्या एका फाइलीचा आणि ॲपचा मेळ बसत नाहीये.

वाळवण आणि तळण

आता हा मेळ म्हणजे काय ते समजून घेऊ.

व्हिडिओची फाइल म्हणजे जेवणाचा डबा. वरच्या कप्प्यात चित्र, खालच्या कप्प्यात आवाज. डबे वेगवेगळ्या घाटाचे असतात. फाइलीच्या नावाच्या शेवटी एमपी-४, एमकेव्ही, एमटीएस अशी अक्षरं असतात, ती डब्याची नावं आहेत. नुसता डबा बघून आत काय भरलंय ते कळत नाही. एकाच घाटाच्या दोन डब्यांत आवाज वेगवेगळ्या पद्धतीने भरलेला असू शकतो. "माझा फोन एमपी-४ चालवतो, मग ही एमपी-४ का चालत नाही?" असं जेव्हा वाटतं, तेव्हा उत्तर बहुतेक वेळा इथं असतं.

आवाज आहे तसा साठवायचा म्हटलं तर फार जागा लागते. गाण्याच्या सीडीवर आवाजाचं मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेलं असतं, तेही डाव्या-उजव्या कानासाठी वेगळं. एका मिनिटाला साधारण १० एमबी होतात. तासभराची सभा म्हणजे नुसता आवाजच ६०० एमबी. म्हणून आवाज वाळवून ठेवतात. आपण उन्हाळ्यात कुरडया करतो तसंच. पातेलंभर चीक असतो, वाळल्यावर तो डब्याच्या कोपऱ्यात मावतो. खायच्या वेळी तळला की फुलतो.

आवाज वाळवण्याच्या आणि पुन्हा फुलवण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. 'कोडर' आणि 'डिकोडर' या दोन शब्दांचा तो जोडशब्द. वाळवणारा कोडर, तळणारा डिकोडर. आणि आपल्याला ठाऊकच आहे, कुरडई तळायची, शेवया शिजवायच्या आणि सांडग्यांची आमटी करायची. शेवयांची रीत सांडग्याला लावली तर खाणारा उठून जाईल. तसंच, एमपी-३ची रीत वेगळी, एएसीची वेगळी, एसी-३ची वेगळी. ज्या ॲपला जी रीत येत नाही, तो आवाज त्याच्याकडे असूनही मुका राहतो. चित्राची रीत येत होती म्हणून आक्का दिसल्या, आवाजाची येत नव्हती म्हणून ऐकू आल्या नाहीत.

वाळवताना टाकतात काय? माणसाच्या कानाला जे तसंही ऐकू येत नाही, ते. पिठाची गिरणी चालू असताना शेजारणीच्या बांगड्यांची किणकिण आपल्याला ऐकू येते का? नाही. मग ती साठवायची कशाला? मोठ्या आवाजाखाली झाकला गेलेला बारीक आवाज काढून टाकायचा, या युक्तीवर एमपी-३ उभा आहे. तो बनवणाऱ्यांपैकी जर्मनीतले कार्लहाइन्झ ब्रँडेनबुर्ग यांनी आपली रीत पारखायला सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचं 'टॉम्स डायनर' हे गाणं पुन्हा पुन्हा वापरलं. त्या गाण्यात वाजंत्री नाही, एकट्या बाईचा आवाज आहे. वाद्यांच्या गलक्यात वाळवणाची चूक लपते, बाईच्या मोकळ्या आवाजात लपत नाही. ही माहिती मला इतकी आवडली की पाठात जागा नसतानाही घातली.

हँडीकॅमचा आवाज अडतो का?

सोनी आणि पॅनासोनिक या दोन कंपन्यांनी २००६ साली हँडीकॅमसाठी एव्हीसीएचडी नावाची पद्धत आणली. लग्न, बारसं, सभा, गॅदरिंग यांची त्या काळातली बरीचशी शूटिंग अशा कॅमेऱ्यांवर झाली. त्यांच्या फाइली एमटीएस नावाच्या असतात आणि त्यांतला आवाज बहुतेक वेळा एसी-३ असतो. एसी-३ म्हणजे डॉल्बी डिजिटल. सिनेमाच्या डीव्हीडीवरही तोच असतो. त्याचे भाऊबंद म्हणजे ई-एसी-३ आणि डीटीएस. फोनवर मुकी होणारी फाइल बघितली तर आवाज सहसा या तिघांपैकी एक निघतो.

रीत तर सगळ्यांना माहीत आहे, मग ॲपमध्ये का घालत नाहीत? इथं परवान्याचा प्रश्न येतो. एखादीने गोडा मसाला स्वतः बसवला, त्यावर नाव नोंदवलं आणि सांगितलं की माझ्या रीतीने मसाला करून विकायचा तर मला पैसे द्या, तसं हे. डॉल्बी आणि डीटीएस या कंपन्या आपली रीत वापरायचे पैसे घेत आल्या. एमएक्स प्लेअर फुकट मिळतं. परवान्याची भानगड झाल्यावर त्यांनी या रीती ॲपमधून काढून टाकल्या. पण एक दार ठेवलं: कोणाकडे कोडेक वेगळा असेल तर तो बाहेरून आणून ॲपला जोडता येतो. यालाच 'कस्टम कोडेक' म्हणतात.

बाहेरून आणायचा म्हणजे कुठून? एफएफएमपेग नावाचा एक खुला प्रकल्प आहे. फाब्रीस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने तो २००० साली सुरू केला. त्यात जवळपास सगळ्या रीती लिहून ठेवल्या आहेत आणि त्या कोणालाही वाचता, वापरता येतात. एमएक्स प्लेअरचं पोटही त्याच्यावरच चालतं. त्यामुळे जाणकार माणसं त्यातूनच राहिलेल्या रीती बांधून झिप फाइल तयार करतात. ही झिप ॲपची कंपनी हातात देत नाही, दुसरा कोणी माणूस बनवून देतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी सोपा रस्ता

कस्टम कोडेककडे जाण्याआधी व्हीएलसी हे ॲप टाकून बघा. प्ले स्टोअरवर मिळतं, नारंगी शंकूचं चित्र असतं, रस्त्याच्या कामावर ठेवतात तसला शंकू. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. पॅरिसमधल्या एका कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली हा उद्योग सुरू केला, आता एक ना-नफा संस्था तो सांभाळते. एसी-३ आणि डीटीएस या रीती त्यात आधीपासून भरलेल्या आहेत. वेगळं काही जोडावं लागत नाही.

दहापैकी नऊ जणींचं काम इथंच होईल. मी तर म्हणेन, झालं तर पुढचा भाग वाचूच नका!

आमचं मात्र अर्धंच झालं. व्हीएलसीत आवाज आला, पण गटाचा जुना फोन आणि हँडीकॅमचं मोठं चित्र, त्यामुळे चित्र अडखळायला लागलं. आक्का एक वाक्य बोलायच्या आणि चित्रातला हात मागच्याच वाक्यावर थांबलेला. एमएक्स प्लेअरमध्ये तेच चित्र झरझर चालत होतं. म्हणून भाची म्हणाली, यालाच कोडेक जोडू.

कोडेक जोडताना

फाइलीच्या नावावर बोट दाबून धरा, मग 'प्रॉपर्टीज' उघडा. खाली चित्राचा आणि आवाजाचा कोडेक वेगवेगळा लिहिलेला असतो. आवाजाच्या रकान्यात एसी-३, ई-एसी-३ किंवा डीटीएस दिसलं तर निदान पक्कं झालं. आवाजाचा रकानाच नसेल, तर शूटिंगमध्ये आवाज आलेलाच नाही, मग कोणताही कोडेक काही करू शकत नाही. हे आधी बघाच, नाहीतर दिवसभर विहिरीत पाणी नसताना मोटर दुरुस्त करत बसाल.

मग ॲपच्या 'सेटिंग्ज'मध्ये जा, 'डिकोडर' उघडा आणि अगदी तळापर्यंत सरकवा. तिथं 'कस्टम कोडेक' दिसेल. त्याच्या खाली आपल्या फोनला कोणत्या जातीचा कोडेक चालेल ते लिहिलेलं असतं. हल्लीच्या बहुतेक फोनवर 'एआरएमव्ही-८ निऑन' असं येतं, जुन्या फोनवर 'एआरएमव्ही-७ निऑन'. ही फोनच्या मेंदूची, म्हणजे प्रोसेसरची जात आहे. ते नाव वहीत जसंच्या तसं उतरवून घ्या. 'मदत' या भागात 'अबाउट' उघडून ॲपची आवृत्ती, म्हणजे टिंबं टिंबं असलेला आकडा, तोही उतरवा. जात आणि आवृत्ती, दोन्ही जुळणारीच झिप लागते. घरात पाच कुलपं आणि पाच किल्ल्या असतील तर अंदाजाने किल्ली फिरवून कुलूप खराब होतं. आमच्या भाचीने पहिल्यांदा आवृत्ती बघितली नाही, ॲपने झिप नाकारली आणि अर्धा तास वाया गेला.

झिप मिळाली की ती उघडायची नाही. फाइल उघडून आतल्या वस्तू बाहेर काढायची सवय असते, इथं ती नको. आहे तशी 'डाउनलोड'मध्ये राहू द्या. 'कस्टम कोडेक'वर बोट ठेवून ती फाइल दाखवा. ॲप बंद होऊन पुन्हा सुरू होईल. आता व्हिडिओ लावा. तरी आवाज आला नाही तर वरच्या कोपऱ्यातली एचडब्ल्यू, एचडब्ल्यू+, एसडब्ल्यू ही अक्षरं बघा. साध्या एचडब्ल्यूमध्ये ॲप सगळं काम फोनवर सोपवतं आणि आपण जोडलेला कोडेक बाजूला राहतो. एचडब्ल्यू+ किंवा एसडब्ल्यू निवडा. आम्हाला एचडब्ल्यू+ वर चित्रही नीट मिळालं आणि आवाजही.

पुढे कधी ॲप अपडेट झालं की आवृत्ती बदलते आणि आवाज पुन्हा जाऊ शकतो. घाबरू नका, नव्या आवृत्तीची झिप लागते एवढंच.

हे सगळं कोणत्या फोनवर करायचं?

आता मघाचं वाक्य. झिप कोणीतरी तिऱ्हाईत माणूस बनवतो. कोडेक म्हणजे फोटो किंवा गाणं नव्हे. तो चालणारा प्रोग्राम आहे. ॲपला जी परवानगी दिलीय, ती आपोआप त्यालाही मिळते. ॲपला तुमच्या फाइली दिसत असतील तर त्यालाही दिसणार. बनवणारा भला असेल, बहुतेक वेळा असतोच. पण आपण त्याला ओळखत नाही, आणि त्याने बनवलेली झिप चार हातांतून फिरून आली असेल तर मधल्या हातांना तर मुळीच ओळखत नाही.

म्हणून ज्या फोनवर गटाचं बँकेचं ॲप आहे, यूपीआय आहे, ज्यावर ओटीपी येतो, त्या फोनवर कस्टम कोडेक जोडायचा नाही. यावर माझ्याशी वाद घालू नका. आम्ही तो भाचीच्या जुन्या, सिमकार्ड नसलेल्या फोनवर जोडला. तसा फोन नसेल तर व्हीएलसीवर अडखळत ऐका, नाहीतर पुढे सांगितलेला कॉम्प्युटरचा उपाय करा.

आणखी एक. 'कोडेक' म्हणून कोणी व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवली तर ती उघडू नका. कस्टम कोडेक झिपमध्ये येतो आणि प्लेअरच्या आतून जोडला जातो. फोन जर 'अनोळखी ॲप टाकायला परवानगी द्या' असं विचारायला लागला, तर ते कोडेकचं काम नाही, दुसरंच काहीतरी चाललंय. तिथंच थांबा. 'व्हिडिओ बघायला हा कोडेक टाका' असं म्हणत खिडकी उघडणाऱ्या वेबसाइटही असतात. त्या बंद करायच्या. चुकून काही टाकलं गेलं आणि खात्यातून पैसे गेले, तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

सगळ्यांना ऐकता यावं म्हणून

एका फोनवर आवाज आला, पण गटात बारा जणी. प्रत्येकीच्या फोनला कोडेक जोडत बसणार का? नाही. त्यापेक्षा आवाजच दुसऱ्या रीतीने वाळवून घ्यायचा. एएसी ही रीत आजच्या जवळपास प्रत्येक फोनला येते. कॉम्प्युटरवर हँडब्रेक नावाचा फुकट प्रोग्राम मिळतो. त्यात एमटीएस फाइल घालायची आणि एमपी-४ मागायची, आवाज एएसी ठेवायचा. वेळ लागतो. आमच्या सभेला रात्रभर लॅपटॉप चालू ठेवावा लागला आणि मधे वीज गेली म्हणून दुसऱ्या रात्री पुन्हा. पण नंतर ती फाइल साध्यातल्या साध्या फोनवर वाजली.

मूळ एमटीएस फाइल मात्र पुसू नका. वाळवलेलं पुन्हा भिजवून पुन्हा वाळवलं की चव थोडी कमी होते, तसं दर वेळी आवाजातलं काहीतरी जातं. मूळ फाइल पेनड्राईव्हवर आणि आणखी एका जागी ठेवा. पेनड्राईव्ह वर्षानुवर्षं पडून राहिला की तोही दगा देतो.

आता तुम्ही विचाराल, आक्का काय म्हणाल्या होत्या?

ज्या म्हणत होत्या 'माफ', त्याही चुकल्या आणि ज्या म्हणत होत्या 'दोन टक्के', त्याही. आक्का म्हणाल्या होत्या की दवाखान्याच्या कर्जाला महिन्याला एक टक्का घ्यायचा आणि पहिले दोन हप्ते कोणी दारात जाऊन मागायचे नाहीत. 'माणूस दवाखान्यात असताना हप्त्याला गेलं तर आपल्यात आणि सावकारात फरक काय', असं म्हणून त्यांनी सगळ्यांना हात वर करायला लावला होता. हात वर केलेल्यांत मीही दिसते, मांडीवर वही आणि हातात पेन. लिहीत मात्र नाहीये, आक्कांकडे बघतेय.

ठराव आता पुन्हा वहीत घेतलाय, या वेळी पूर्ण. सुनेचं कर्ज त्याच दराने दिलं. आक्कांच्या मालकांना भाचीने नुसता भाषणाचा तुकडा वेगळा काढून साध्या फोनवर टाकून दिला. ते तो स्पीकरवर लावत नाहीत, कानाला लावून ऐकतात, कोणाचा फोन आल्यासारखा.

पुढच्या बैठकीला येताना ज्यांच्याकडे जुन्या सभेची, हळदीकुंकवाची, लग्नाची अशी मुकी फाइल आहे, त्यांनी पेनड्राईव्ह आणि ओटीजीची पिन घेऊन यावं. सिम नसलेला जुना फोन कोणाच्या घरी पडून असेल तर तोही चार्ज करून आणा.